गिरवलेली रेघ

"कुणी काढली असेल गं ही रेघ?" आत्याने विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. तिच्या विचारण्यात तक्रार नव्हती. वर्गात एखादीने सातपुड्याच्या जागी विंध्याचल काढला की ती जशी शांतपणे विचारायची, "हा इथे कसा आला?", तसाच तो सूर होता. ओसरीतल्या तिसऱ्या खांबावर लाल ऑइलपेंटचा एक उभा पट्टा होता, हातभर उंचीचा, खाली ओघळ आलेला. त्याच्या बाजूला बाण आणि 11 हा आकडा. सकाळी माणसं टेप घेऊन आली, रस्त्याच्या मधोमध ठोकलेल्या खिळ्यापासून त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मोजत मोजत ती थेट आमच्या ओसरीत आली. ओटा, पायऱ्या, दिंडीदरवाजा, ओसरीचा पुढचा भाग, असं सगळं मिळून अकरा फूट रस्त्यात जात होतं. ब्रश धरणाऱ्या पोराला आत्याने पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि विचारलं, लाइन कुठून आली? तो संकोचून म्हणाला, "अम्माजी, लाइन तो ऊपर से आती है." आत्याने मान वर करून माडीकडे पाहिलं. तिच्या चौऱ्याऐंशी वर्षांत वरून येणारी लाइन तिने पहिल्यांदाच ऐकली होती.

आमचा वाडा इंदूरच्या राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे, मल्हारगंजाच्या बाजूला. खाली दगडी जोतं, वर सागवान, पुढे ओटा. त्या ओट्यावर मी लहानपणी रंगपंचमीची गेर पाहिली आहे. लोटणारी माणसं, टँकरवरच्या मोटारी, तिसऱ्या मजल्यापर्यंत उडणारं पाणी आणि हवेत असा गुलाल की समोरचं घर दिसू नये. आजी आम्हाला दारातून आत ओढायची आणि आम्ही खांबाला मिठी मारून बसायचो. रुंदीकरणाच्या वेळी घरच्यांनी ठरवलं की आपला भाग आपणच उतरवायचा. आपला मिस्त्री लावला की मागचं घर तरी नीट राहतं. इंदुरात आजवर अनेकांनी असंच केलं आहे. पहिला खांब सुटला तेव्हा त्याच्या खाचेतून, पाटाखालच्या फटीतून, चिमूटभर गुलाल खाली पडला. किती वर्षांचा असेल कोण जाणे. रंग अजून तसाच होता. मिस्त्रीने हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि परत पहार हातात घेतली.

त्या दिवसांत एक शब्द माझ्या डोक्यात घुसला, तो अजून निघालेला नाही. बाधक. नोटिशीत, मोजणीच्या कागदावर, पेपरात, सगळीकडे तोच. 'बाधक हिस्सा', 'बाधक मकान'. हिंदीत तो साधा कचेरीचा शब्द आहे, पण मराठी कानाला बाधा म्हटलं की वेगळंच काही ऐकू येतं. बाहेरची बाधा, नजरेची बाधा. रस्ता रुंद व्हायला हवा, हे मला पटतं. आमच्या गल्लीत अ‍ॅम्ब्युलन्स अडकलेली मी पाहिली आहे आणि त्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कोण होतं तेही मला माहीत आहे. तरी ज्या ओट्यावर तीन पिढ्यांनी पापड वाळवले, तो एका सकाळी बाधक ठरला, हे पचत नव्हतं. आत्याने मात्र त्या शब्दाकडे लक्षच दिलं नाही. तिला फक्त रेघेच्या मालकाचं नाव हवं होतं. एकतीस वर्षं तिने मुलींना भूगोल शिकवला. नकाशातली प्रत्येक रेघ कुणीतरी विचार करून काढलेली असते, हे तिने मुलींना सांगितलं होतं आणि तिचा त्यावर विश्वास होता.

म्हणून मी गेले.

सरकारी दफ्तरखान्यात मी त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पहिले दोन दिवस अर्ज, ओळखपत्र, कशासाठी पाहायचं आहे याचं कारण, यातच गेले. कारणाच्या रकान्यात मी 'रस्त्यांच्या नियोजनाचा इतिहास' असं लिहिलं. 'आत्याचा प्रश्न' असं कसं लिहिणार? तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर पहिला बस्ता आला. लाल खारव्यात बांधलेला, गाठ इतकी जुनी की सोडताना तिचा पीळ बोटांना लागत होता. आतून वास आला तो ओल्या भिंतीचा, डिंकाचा आणि कडुलिंबाच्या वाळल्या पानांचा. कागदांत कसरीने कोरलेल्या नागमोडी वाटा होत्या. काही ठिकाणी एकाच वाटेने कसर दहा पानं आरपार गेली होती, आणि गंमत वाटावी इतकी ती वाट आमच्या जुन्या गल्लीसारखी दिसत होती. पंखा चालू केला की कागद उडतात म्हणून पंखा बंद. मे महिना. कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून मी ओढणी डोक्याला बांधून बसायचे.

लवकरच कळलं की नकाशे आणि फायली एकत्र राहत नाहीत. फाइलमध्ये लिहिलेलं असतं, 'सोबत नकाशा जोडला आहे', आणि तिथे फक्त गंजलेल्या टाचणीचे दोन तांबूस ठिपके. उलट नकाशांच्या गठ्ठ्यात कापडावर चिकटवलेला एखादा सुरेख नकाशा मिळतो, पण तो कुठल्या प्रकरणाचा ते सांगणारी फाइल नाही. तिथले एक वयस्कर बाबू मला म्हणाले, "मॅडम, नक्शा चौड़ा होता है ना, अलमारी में नहीं समाता. इसलिए अलग रहता है." अगदी खरं कारण होतं ते. रुंदीमुळे घरापासून तुटलेले फक्त आम्हीच नव्हतो.

मोडीतले कागद मला वाचता येत नाहीत, याची एवढी खंत मला आधी कधी वाटली नव्हती. होळकर दरबाराचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या मराठीत चालला. अहिल्याबाईंनी राज्य श्रीशंकराचं मानलं आणि हुकमावर 'श्रीशंकर' आलं. माझे पणजोबा त्याच कारभारात कारकून होते. त्यांच्या हाताखालून गेलेले कागद कदाचित त्या खोलीत असतील, आणि मी, त्यांची पणती, त्या अक्षरांकडे परक्या लिपीसारखी पाहत बसलेली. शेजारच्या टेबलावर मोडी येणारा एक तरुण अभ्यासक बसायचा. एक फाटका चतकोर मी त्याच्यापुढे धरला. त्याने भिंगातून पाहून तीन शब्द लावले: ओटा, पायरी, मेहरबानी. बाकीचं कसरीने खाल्लं होतं. ना नाव, ना साल. कुणीतरी, कधीतरी, आपला ओटा राहू द्यावा म्हणून दरबाराला लिहिलं होतं, एवढंच. तो चतकोर मी बराच वेळ हातात धरून बसले. परत ठेवताना तो कुठल्या पानाआधी होता तेच विसरले आणि मग घाबरून शेजारचे कागद एकेक करून पुन्हा लावले.

इंदूरच्या नियोजनाची गोष्ट निघाली की पॅट्रिक गेडिस यांचं नाव येतंच. त्यांनी होळकर दरबारासाठी केलेला अहवाल 1918 साली दोन खंडांत छापला गेला. त्याच वर्षी गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदुरात आले होते. एवढ्याशा शहरात तेव्हा केवढी वर्दळ असेल! गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. म्हणूनच असेल, शहराकडे ते झाडासारखं पाहायचे. वाळलेली फांदी छाटा, पण बुंध्यात सरळ आरी घालू नका. जुन्या वस्तीतून एक रुंद सरळ रस्ता काढण्याच्या कल्पनेला त्यांचा ठाम विरोध होता. त्यापेक्षा दोन-चार पडकी घरं काढा, तिथे छोटा चौक मोकळा करा, एक झाड लावा, आणि वाकड्या गल्लीला तिच्या वळणाने जाऊ द्या. त्यासाठी ते हातात नकाशा घेऊन गल्लीगल्लीतून चालले. आणि सांगतात की त्यांना पाहून लोक घरात पळायचे. साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे घर पडणार, हे लोकांना अनुभवाने माहीत होतं.

हे वाचलं तेव्हा मला लाल ब्रश घेतलेला तो पोर आठवला. त्याला पाहूनही समोरच्या काकूंनी दार लावून घेतलं होतं.

पण गेडिस यांनी नंतर जे केलं ते मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. शहरात प्लेग होता. त्यांनी महाराज तुकोजीरावांकडून दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यातले लोक आपली घरं सगळ्यात जास्त दुरुस्त करतील, चुना लावतील, कचरा काढतील, तिथून ती जाईल. गाड्यांच्या गाड्या भरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत हत्ती होते, लक्ष्मी होती, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हार घातलेले, नवे झाडू घेतलेले सफाई कामगार होते. शेवटी उंदीर आणि राक्षस जाळले, आणि तुळशीची रोपं वाटली. आत्या फोनवर गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे रस्ता कुठून जाणार ते लोकांच्या हातात दिलं त्याने." मी म्हटलं, रस्ता नाही गं, मिरवणूक. ती म्हणाली, "तेच ते."

मला वाटतं, तिचं बरोबर होतं. गेर आमच्या दारावरून जाते म्हणून तर आमचा रस्ता रस्ता आहे. नाहीतर तो दोन चौकांमधली जागा.

दफ्तरखान्यात मी पुढे दोन महिने जात राहिले, आठवड्यातून तीन दिवस. खरं तर मला शहराबाहेरच्या रस्त्यांशी काही देणंघेणं नव्हतं, पण एकदा फायली उघडल्या की पायाखालची वाट लांबतच जाते. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालची 1927 ची रस्ते समिती, तिच्यामागून 1929 साली पेट्रोलवरच्या जादा करातून सुरू झालेला रस्तेनिधी, 1934 चं इंडियन रोड्स काँग्रेस, हे सगळं मी तिथे पहिल्यांदा समजून घेतलं. डिसेंबर 1943 मध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड लावली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतांचे महामार्ग, जिल्ह्याचे रस्ते, गावचे रस्ते. त्या नागपूर योजनेतली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. शेती फुललेल्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असं त्यांनी धरलं होतं. म्हणजे टेपचं पहिलं टोक गावात. गावातून निघायचं आणि रस्त्यापर्यंत मोजायचं. आमच्या ओसरीत आलेला टेप उलटा होता, त्याचं पहिलं टोक रस्त्याच्या मधल्या खिळ्यावर होतं. घर कितीवर येतं ते शेवटी. मी अभियंता नाही, गावाबाहेर रस्ता नेणं आणि गावातून रस्ता काढणं यात फरक असतो हे मला समजतं. पण टेपचं पहिलं टोक कुठे धरलं आहे यावर किती काय ठरतं, ते त्या दुपारी मला दिसलं, आणि त्यानंतर कुठलाही नकाशा पाहताना मी आधी तेच शोधते.

मधली रेघ. इंदुरात रुंदीकरणाच्या गप्पांत सगळ्यांच्या तोंडी असते ती 'सेंट्रल लाइन'. पानाच्या दुकानावर, पोह्याच्या ठेल्यावर, बायका भाजी निवडताना. लाइन इकडे सरकली की तिकडचे वाचतात. पण जुन्या गल्लीला मधली रेघ नसतेच. ती घराघराने बनलेली असते. कुणी ओटा अर्धा हात पुढे घेतला, समोरच्याने कोपरा गोल केला कारण बैलगाडीचा आस भिंतीला घासत होता, कुणी विहिरीसाठी जागा सोडली. तिचा मध्य दर दहा पावलांवर बदलतो. सरळ मधली रेघ काढायची तर कुणीतरी दोन टोकं धरून मधलं सगळं विसरायला हवं.

तर ती कुणी काढली? 2008 च्या विकास योजनेत, जिला सगळे 2021 चा मास्टर प्लॅन म्हणतात, रस्त्यांच्या रुंदीची यादी आहे. तिच्या मागे 1991 पर्यंतची आधीची योजना. तिच्या मागे त्याहून जुन्या सुधारणांची प्रकरणं, नोटशीट, टिपणं. मी एकेक पायरी खाली उतरत होते आणि प्रत्येक पायरीवर तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत भेटत होता. हिंदीत 'पूर्व योजना अनुसार', इंग्रजीत त्याच अर्थाचं वाक्य, मराठीत 'पूर्वीप्रमाणे'. कुठल्याही कागदावर कुणी असं म्हटलेलं नव्हतं की मी ही रेघ काढतो आहे, या कारणासाठी, इथून इथपर्यंत. शेवटी जुलैमध्ये, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, ट्रेसिंगच्या कापडावरचा एक नकाशा उघडला. निळसर, मेणचट, घड्यांवर चिरलेला. आमची गल्ली त्यात होती. घरं लहान लहान चौकोनांची, आणि त्यांच्या अंगावरून तुटक तुटक लाल शाईची एक फिकट रेघ. खाली कोपऱ्यात चौकट. 'ट्रेस्ड बाय'च्या पुढे दोन आद्याक्षरं. 'चेक्ड बाय'च्या पुढे एक घाईची सही. आणि काढणाऱ्याच्या जागी, व्यवस्थित वळणदार अक्षरात, एवढंच की हा पूर्वीच्या नकाशावरून केला आहे.

सगळ्यांनी गिरवली होती. काढली कुणीच नव्हती.

रस्ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतात असं आपण धरून चालतो. टिकतात त्या कागदावरच्या रेघा. डोळ्यांसमोरचे रस्ते तर भराभर बदलतात. आमच्या ए.बी. रोडवरचा, म्हणजे आग्रा-बॉम्बे रोडवरचा बीआरटीएस, बससाठी राखलेला मार्ग, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतचा साडेअकरा किलोमीटरचा, 2013 मध्ये सुरू झाला आणि 2025 मध्ये काढायचा ठरला. बारा वर्षं. त्याच ए.बी. रोडचा राष्ट्रीय क्रमांक तीन होता. नंबर बदलून इतकी वर्षं झाली, तरी माझा भाऊ ट्रकवाल्यांशी बोलताना अजून 'तीन नंबर' म्हणतो. आणि इथे ही तुटक लाल रेघ, जिच्यावरून कधी एक सायकलसुद्धा गेली नव्हती, ती दशकानुदशकं कपाटात शांत पडून राहिली, हातामागून हातांनी गिरवली गेली, आणि एका सकाळी आमच्या ओसरीत येऊन उभी राहिली.

फोटो काढायची परवानगी मिळाली नाही. मग बटर पेपर ठेवून आमच्या गल्लीपुरता भाग पेन्सिलीने उतरवून घ्यायला बाबूंनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाले, दाब देऊ नका. मी गिरवायला लागले. शिक्का कसा उमटतो तसं एकेक घर खालून वर येत होतं. कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ, विहीर, समोरच्या काकूंचं घर, आणि मग आमचं. आमच्या चौकोनाला पुढे एक छोटीशी खाच होती, नखाएवढी. ओटा! कुणीतरी मोजणीच्या वेळी तो पाहिला होता, मोजला होता आणि दाखवला होता. त्या अनाम माणसाबद्दल मला इतकी माया वाटली की डोळे भरून आले. आणि मग पेन्सिल त्या लाल रेघेशी आली. गिरवायची का? माझ्यापुरती ती सोडून देता आली असती. कागद माझा होता, कोण विचारणार होतं. पण आत्याने विचारलं होतं रेघेबद्दल, ओट्याबद्दल नव्हे. मी लाल पेन्सिल आणलेली नव्हती. साध्या शिसपेन्सिलीने, तुटक तुटक, मी ती ओट्याच्या खाचेवरून पुढे नेली. हात थरथरला आणि एक तुकडा जरा वाकडा आला. तो मी खोडला नाही.

घरी गेले तेव्हा आत्या ओसरीत बसली होती, म्हणजे ओसरीचं जे उरलं आहे तिथे. आता तिथे विटांची नवी भिंत आहे, गिलावा झाला आहे, रंग व्हायचा आहे. पूर्वी तिच्या खुर्चीतून रस्ता दिसायचा, आता रस्ता इतका जवळ आहे की तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मी पत्र्याच्या नळीतून कागद काढला आणि तिच्या मांडीवर पसरला. सगळं सांगितलं. गिरवणाऱ्यांची आद्याक्षरं, 'पूर्वीच्या नकाशावरून', सगळं. नाव मिळालं नाही, मी म्हणाले. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिने भिंग घेतलं आणि बराच वेळ नकाशा पाहिला, शाळेत वह्या तपासायची तसा, डावीकडून उजवीकडे.

"नदी कुठाय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, आपल्या गल्लीपुरताच भाग आहे, खान नदी पलीकडे राहिली.

"आधी नदी काढायची असते," ती म्हणाली. "मग चढ-उतार, मग झाडं, मग वस्ती. रस्ता सगळ्यात शेवटी. मुलींना मी हेच शिकवलं." तिने भिंग परत लावलं. ओट्याच्या त्या खाचेवर बोट ठेवलं, तिथून मागे परसाकडे नेलं आणि तिथेच थांबली.

"यात चिंच नाही," ती म्हणाली. "पेन्सिल दे."